आधी पाणी, मग चार्जिंग

परवा आमच्या दारात एक पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीला बॅग, हातात टॅब. "मावशी, घरावर सोलर बसवायचे फायदे सांगतो, दोन मिनिटं द्या," म्हणाला आणि लागला बोटांवर मोजायला. बिलाची कटकट नाही, लोडशेडिंगची भीती नाही, एकदा बसवलं की वर्षानुवर्षं बघायला नको. माझा स्वभाव ऐकून घेणाऱ्याचा नाही, तरी मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, "बाबा, टेक जरा. पाणी पी." तर म्हणतो, "नको मावशी, माझी बाटली आहे."

असं डोकं फिरलं माझं! त्या लेकराचा काही दोष नव्हता. आमच्या गावात सोलर आणि पाणी ह्यांची गाठ कुणी मारली, हे त्याला काय मालूम? पण सिस्टरची आठवण निघाली की मला राग येतोच. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. आणि तो पोरगा सगळे फायदे सांगून गेला, पण सिस्टर सांगायच्या तो एकही त्यात नव्हता. त्या म्हणायच्या, "कुणाच्या तोंडाकडं बघत बसावं लागत न्हाई, हाच फायदा. बाकी सगळं हिशेब हाय."

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. नाव सुगंधा, पण ते नाव पगाराच्या कागदाबाहेर मी कधी ऐकलं नाही. मी त्याच गावची अंगणवाडी ताई. लसीकरणाच्या दिवशी मी पोरं गोळा करायची, त्या सुया टोचायच्या, आणि मग दोघी मिळून गावाशी भांडायचो. आमचं गाव नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवर. बाजाराला लोहा, मोठ्या दवाखान्याला नांदेड. गाव खाली ओढ्याकाठी, आणि बौद्धांची वस्ती वर माळावर. मी खालच्या शेतकऱ्यांच्या घरातली सून, सिस्टर वरच्या. मधे चढाची एक वाट. ती वाट वरची माणसं रोज उतरायची. खालची माणसं मतं मागायची वेळ सोडून कधी चढायची नाहीत.

बुटकी मूर्ती, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि चालणं असं की मागच्यानं पळत यावं. आवाजाचं तर विचारू नका. वर माळावर त्या कुणाला बोलल्या की खाली मारुतीच्या पारावरची माणसं बिड्या विझवायची. शिवी एकच होती, "बेअक्कल!" ती मात्र सगळ्यांना सारखी. सुई बघून पळणाऱ्या पोराला तीच आणि जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबालाही तीच.

राग त्यांच्या नाकावर नव्हता, हाडात होता. तो कुठून आला ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथं होते. उपकेंद्रात एक बाळंतीण होती, दिवेलागणीची वेळ, आणि नेहमीप्रमाणे लाइट गेलेली. टॉर्च माझ्या हातात होती. तिचे सेल उतरत उतरत गेले आणि उजेड पिवळा पडून विझला. मूल झालं, रडलंही. पण त्या बाईचं रक्त थांबेना. कुठून येतंय ते दिसेना. सिस्टर हातानं चाचपत होत्या आणि "उजेड आणा गं कुणीतरी, उजेड आणा," म्हणून ओरडत होत्या. जीप नांदेडच्या वाटेला लागली, पण ती बाई वाटेतच गेली. नंतर चौकशीला साहेब आले आणि कारण लिहायला लागले, रक्तस्राव. सिस्टरनी त्यांचा पेन धरला. "रक्तस्राव न्हाई साहेब. अंधार लिहा. अंधारानं मेली ती."

साहेबांनी अंधार लिहिला नाही. असा रकाना नसतो म्हणाले.

रिटायर झाल्यावर बायका सोनं करतात, यात्रेला जातात. सिस्टरनी फंडाच्या पैशातून घरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या. बैठकीत दोन बॅटऱ्या, इन्व्हर्टर, चार बल्ब, पंखा, मिक्सर. आणि सगळं नीट चाललंय बघून एक दिवस विजेचं मीटर काढायला लावलं, पिशवीत घालून तालुक्याच्या हापिसात नेऊन टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "हे तुमचं. आजपासून तुमची आमची फारकत." कारकून हसला. म्हणाला, "बाई, सूर्य मावळल्यावर काय करणार?" सिस्टर म्हणाल्या, "तुमच्याकडं तर सूर्य असतानाच अंधार हाय. माझ्याकडं निदान तो टाइमावर मावळतो." पोचपावती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठल्या नाहीत.

तेव्हापासून त्यांचं घर उन्हाच्या तालावर चालायचं. दळणकांडण, चटण्या, मिक्सर, सगळं भर दुपारी. "उन्हाची कामं उन्हात करा, बॅटरीला सांजच्याला त्रास नको." आभाळात ढग दिसला की अंगणातूनच आवाज, "मिक्सर बंद करा गं, ढग आला!" शेजारणी हसायच्या. पण त्यांच्या घरचा बल्ब कधी गेला नाही आणि वस्तीतल्या अडल्या बाळंतिणी उपकेंद्राऐवजी त्यांच्या बैठकीत यायला लागल्या. रिटायर बाईनं बाळंतपण करू नये असा नियम आहे म्हणे. सिस्टर म्हणायच्या, "नियमाला उजेड घेऊन इकडं यायला सांगा."

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच सालचा. विहिरी कोरड्या, बोरांचं पाणी खोल गेलेलं, झाडांची पानं कागदासारखी. धुळीचा थर असा बसायचा की प्लेटांची ताकद निम्मी व्हायची. सिस्टर रोज सकाळी शिडीनं पत्र्यावर चढून प्लेटा पुसायच्या, तर खालून लोक बोट दाखवायचे, "प्यायला थेंब न्हाई अन् सिस्टर पत्रा धुवून राहिली!" खरं तर त्या मोठ्या घमेल्यात बसून अंघोळ करायच्या, त्याच पाण्यात फडकं बुडवून पिळायच्या आणि त्या ओल्या फडक्यानं पुसायच्या. पण खुलासा करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. वरूनच ओरडायच्या, "ह्या उन्हानं माझी विहीर आटवली. आता त्याच्याकडनंच कामं करून घेते. तुम्ही काय करून राहिलात?"

त्याच साली आमच्या भागाचा नवा जिल्हा होणार अशी हवा उठली. हवाच ती. पाणी नव्हतं, चारा नव्हता, पण जिल्ह्याचे फ्लेक्स गावोगाव. आमच्या गावचे पुढारी बापूराव. घरची शेती, दारात ट्रॅक्टर, अंगात कडक इस्त्री. ते जिल्ह्याच्या कृती समितीवर होते आणि दिवसभर फोनवर असायचे. नवा जिल्हा झाला की पाणी येईल, नवा जिल्हा झाला की चोवीस तास लाइन राहील, नवा जिल्हा झाला की पोरांना नोकऱ्या लागतील. आणि खाली गावात विजेचा डीपी जळून पडलेला. तो बदलायला कुणी येईना. सगळ्यांचे फोन बंद पडले. बापूरावांचाही.

तेव्हा गावाला आठवलं, वर सिस्टरकडं लाइट आहे.

सिस्टरनी बैठकीत एक लांब बोर्ड टांगला, त्यात ओळीनं प्लगा. पैसे घेत नव्हत्या. पण एक अट होती. दारात माठ आणि स्टीलचा ग्लास. जो फोन आणेल त्यानं आधी ग्लासभर पाणी प्यायचं. "आधी पाणी, मग चार्जिंग." त्या दुष्काळात ती बाई परक्या माणसाला ग्लासभर पाणी देत होती, आणि ते घ्यायला आमच्या खालच्या लोकांचे हात जड होत होते! कुणी म्हणायचं आत्ताच पिऊन आलो, कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाला सर्दी. सिस्टर फोन उचलून त्यांच्या हातात परत द्यायच्या. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही.

माझ्या सासूबाईंना मुदखेडला दिलेल्या लेकीशी रोज बोलायची सवय. तीन दिवस धुसफुसल्या. चौथ्या दिवशी डोक्यावर पदर ओढून माझ्याबरोबर चढ चढल्या. ग्लास हातात घेतला, डोळे मिटले आणि औषध प्यावं तसं घटाघटा प्यायल्या. मग डोळे उघडून म्हणाल्या, "थंड हाय की गं पाणी तुझं."

"माझं कशाचं, लांबच्या मळ्यातलं हाय," सिस्टर म्हणाल्या. "आणा फोन."

सासूबाईंनी सगळ्या गावात सांगितलं, की सिस्टरच्या माठाचं पाणी आपल्यापेक्षा थंड. त्यानंतर बायका बिनदिक्कत जायला लागल्या. बायकांचं हे असंच असतं, एकीनं उंबरा ओलांडला की दुसरीला दम निघत नाही. बापूराव मात्र गड्याच्या हाती फोन पाठवायचे. गडी वस्तीतलाच, तो पाणी प्यायचाच. सिस्टरनी दोनदा चालवून घेतलं. तिसऱ्यांदा फोन परत. "ज्याचा फोन, त्यानं यावं. फोनला तहान नसती."

बापूराव लोह्याला जाऊन फोन चार्ज करून आणायला लागले. एवढं पेट्रोल जाळलं, पण चढ चढले नाहीत.

वस्तीच्या हातपंपाला खोलवर पाणी होतं, पण हापसून वर येईना. सिस्टर जिल्ह्याच्या हापिसात साहेबाच्या केबिनबाहेर बाकावर जाऊन बसायला लागल्या. रोज बसायच्या. डबा घेऊन जायच्या आणि साहेबासमोरच उघडायच्या. शेवटी साहेबानं बेजार होऊन सोलरचा पंप मंजूर केला. बोरमध्ये मोटर सोडली, शेजारी उंच लोखंडी सांगाड्यावर प्लेटा, त्याखाली टाकी आणि टाकीला नळ. दिवसभर ऊन पडणार, दिवसभर पाणी चढणार. लाइनमन नाही, बिल नाही, डीपी नाही. वस्तीतल्या बायकांनी नळाला हळदकुंकू लावलं, तर सिस्टर त्यांच्यावरही ओरडल्या.

उद्घाटनाला जिल्ह्याच्या मागणीतले एक मोठे नेते येणार ठरलं. सगळी तयारी बापूरावांनी अंगावर घेतली. आणि काय केलं असेल? नेत्याचा भलामोठा फ्लेक्स, हात जोडलेले, वर 'नव्या जिल्ह्याचे शिल्पकार'. तो बांधायला माळावर सगळ्यात उंच जागा कोणती? सोलरचा सांगाडा! रस्त्याच्या बाजूला तोंड, लांबून दिसेल असा. सगळ्या प्लेटांवरून फ्लेक्स ताणून चारी बाजूंनी सुतळीनं आवळला.

भाषणं झाली. नेत्यांनी बटण दाबलं. नळ सुका. पुन्हा दाबलं. काही नाही. वस्तीच्या बायका घागरी घेऊन उभ्या. सिस्टरला मागच्या रांगेत सतरंजीवर बसवलेलं होतं. तिथूनच त्या उठल्या. "अहो, त्याच्या तोंडावरचं झाकण काढा! ऊन कुठून पडणार त्याला?" बापूराव धावत आले, "सिस्टर, खाली बसा, साहेबांचा फोटो आहे तो." मी पंपाच्या इंजिनियरकडं गेले. म्हटलं, तुम्ही तर सांगा. तो बिचारा घामानं निथळत होता. हळूच म्हणाला, "मॅडम, मला मालूम आहे हो. पण त्यांच्या फोटोला मी कसा हात लावू?"

सांगा, काय म्हणायचं ह्याला? डोळ्यांसमोर सूर्य तळपतोय, खाली बायका तहानलेल्या, आणि शिकलेला माणूस फोटोला घाबरून स्विचच्या डब्यात डोकं घालून तारा हलवतोय. नेते माइकवर हसत म्हणाले, "ह्या सोलर-बिलरचं काही खरं नसतं. जिल्हा होऊ द्या, चोवीस तास लाइन देतो." टाळ्या पडल्या. वस्तीतही काहींनी वाजवल्या. मला वाटलं उठून एकेकाच्या मुस्काटात द्यावी.

गाड्या गेल्या. फ्लेक्स तसाच. बापूराव म्हणाले, जिल्हा होईपर्यंत तो हलणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी गावात कुजबुज, पंप वर चालत नाही, तर उपसून खाली मारुतीजवळच्या बोरला बसवावा. तेव्हा मला कळलं, फ्लेक्स चुकून बांधला असेल, पण सोडायचा नाही हे चुकून नव्हतं.

वस्तीच्या बायका भर उन्हात दूरच्या मळ्यातून घागरी आणत होत्या. दोन दिवस सिस्टर दारात बसून ते बघत राहिल्या.  त्या बघण्याचं मला शिव्यांपेक्षा जास्त भ्या वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ऐन उन्हात त्या ट्रंकेतून आपली कात्री घेऊन निघाल्या. बाळाची नाळ कापायची ती वाकडी कात्री. पदर खोचला आणि त्या वयात सांगाड्याच्या लोखंडी पायऱ्या चढायला लागल्या. मी खालून ओरडत होते, "सिस्टर, पडाल!" वरून उत्तर, "पडले तर उजेडात पडंन!"

एक सुतळी कापली, दुसरी कापली. चौथीला फ्लेक्स सुटला आणि नेता हात जोडूनच धुळीत पडला. क्षणभर काही नाही. मग जमिनीच्या पोटातून घरघर आली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज झाला आणि खाली बायका अशा ओरडल्या की गावातली कुत्री भुंकायला लागली. सिस्टर वरच बसून राहिल्या. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं. रडत होत्या आणि आम्हाला शिव्या देत होत्या, "बघत काय राहिल्यात, बेअक्कल! घागरी लावा!"

फोटोची विटंबना केली म्हणून बापूरावांनी तक्रार दिली. सिस्टरला ठाण्यात सकाळपासून बसवून ठेवलं. फौजदार साहेब म्हणाले, "बाई, वय झालं, पुन्हा चढू नका." सिस्टर म्हणाल्या, "त्यांना म्हणा पुन्हा बांधू नका. मग न्हाई चढत."

पुढं महिन्याभरातच जिल्ह्यासाठी रास्ता रोको झाला. फाट्यावर टायर पेटवले, बैलगाड्या आडव्या घातल्या. सगळ्यात पुढं बापूराव. आणि त्यात अडकलं काय? आमच्याच गावाचा पाण्याचा टँकर! खालची टाकी सकाळीच तळाला गेलेली. मग सगळं गाव हंडे घेऊन चढ चढलं. सिस्टर नळापाशी ग्लास घेऊन उभ्या. प्रत्येकाला आधी एक ग्लास, मग हंडा. पाटलीणबाई प्यायल्या, पुजाऱ्याची सून प्यायली, बापूरावांची बायको प्यायली आणि नळाजवळ बसून दम खात सिस्टरशी गुडघेदुखीचं बोलली.

उन्हं कलताना बापूराव स्वतः आले. मतं आणि उद्घाटन सोडून पहिल्यांदाच. मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाले, "सिस्टर, आयाबायांना चढाचा खामखा त्रास होतो. टाकीपासून खालपर्यंत पाइप टाकून देतो. खर्च माझा."

ऐकायला किती चांगलं! पण माळ उंच, गाव खाली. पाइप लागला की टाकी सगळी खालीच रिकामी होणार, हे पोरालाही कळत होतं. सिस्टर म्हणाल्या, "पाइपानं नको, बापूराव. पायानं या. पाइपातनं पाणी जातं, मानूस येत न्हाई." आणि ग्लास भरून पुढं केला.

बापूरावांनी हात हँडलवरच ठेवले. "आज उपास आहे," म्हणाले.

"कशाचा?"

"शनिवार."

"शनवारी पाणी चालतं, बापूराव."

त्यांनी किक मारली. सिस्टरनी तो ग्लास ओतला नाही. उभ्याउभ्या स्वतः प्यायल्या आणि पुढच्या बाईचा हंडा नळाखाली ओढला.

जिल्हा काही झाला नाही. पाऊस मात्र झाला. पुढच्या उन्हाळ्यात सिस्टरच्या पोटात गाठ निघाली आणि त्यांची लेक त्यांना नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेली. जाताना प्लेटा पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं, "रोज मारत जा. अन् पाइपाकडं ध्यान ठेव."

त्या नांदेडला गेल्या आणि दोन आठवड्यांत पाइप आला. ग्रामपंचायतीनं ठराव केला, बापूरावांनी नारळ फोडला. सकाळी टाकी भरायची आणि दुपारच्या आत गावात उतरून जायची. वस्तीचा नळ नुसता खोकायचा. खालच्या बायका चढ चढेनाशा झाल्या, कशाला चढतील? सिस्टरचा माठ पालथा पडला. मी पंचायतीत जाऊन भांडले, तर बापूरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्ही खालच्या की वरच्या?" सगळे हसले. मी काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

मग मी नांदेडला गेले. वॉर्डात सिस्टर खिडकीजवळच्या खाटेवर. इतक्या वाळलेल्या की मनगटाचं घड्याळ कोपरापर्यंत चढलं होतं, तरी काचेची बाजू आतच. मला बघून पहिलं वाक्य, "दिवसाढवळ्या ट्यूबा पेटवून ठेवल्यात बघ, बेअक्कल." मग विचारलं, "प्लेटा पुसती का?"

"पुसते."

"अन् पाणी?"

सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. सगळं सांगितलं. वाटलं, रडतील.  त्या उठून बसल्या. उशाशी तांब्या होता. ओतताना निम्मं पाणी चादरीवर सांडलं, पण मला हात लावू दिला नाही. ग्लास माझ्यापुढं धरला.

"आधी पी."

मी प्यायले.

"माझी कात्री न्यायला आलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "तिनं न्हाई कटणार. त्याला आरीचं पान लागतं." आणि खिडकीकडं तोंड करून पडल्या. उन्हाचा पट्टा तोंडावर आला होता. मी पडदा ओढायला गेले तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "असू दे." तेच माझं त्यांना शेवटचं बघणं.

परतीच्या एसटीत मी गावापर्यंतचं तिकीट काढलं नाही. लोह्याला उतरले. बाजारात हार्डवेअरचं दुकान उघडं होतं.

"आरीचं पान द्या," मी म्हटलं.

"काय कापायचंय, ताई?"

"पाइप," मी म्हटलं. "अन् दोन द्या. ते पुन्हा टाकतील."